मावे (मायक्रोवेव्ह), ग्रिल, कन्व्हेक्शन, काँबी: घरच्या ओव्हनचे तुमचे अनुभव लिहा

काल माळा आवरताना एक काळा पडलेला पत्र्याचा ट्रे हाती लागला आणि दिवाळीआधीचं गिरगाव डोळ्यांपुढे आलं. चाळीतल्या बायका दुपारी तूप-पिठीसाखर फेसून नानकटाईचे गोळे करायच्या, आणि ट्रे कोपऱ्यावरच्या बेकरीत पोचवायचं काम आम्हा पोरांचं. ट्रेवर खोलीच्या नंबराची चिठ्ठी. भट्टीवाले चाचा लांब दांड्याच्या फळीने ट्रे आत सरकवायचे. त्यांच्याकडे ना घड्याळ ना डिग्री. भट्टीच्या तोंडाशी हात नेऊन म्हणायचे, "अभी नहीं, बैठो." आणि आम्ही त्या उबेत बसून राहायचो. बेकरी केव्हाच गेली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

आता ती भट्टी ओट्यावर आलीय. वहिनीने नुकताच हे सगळं असलेला ओव्हन घेतलाय आणि रोज फोन करून विचारते, स्टीलचं चालतं का? कुणी सांगतं हो, कुणी सांगतं अजिबात नाही. दोघंही बरोबर आहेत, म्हणून तर गोंधळ होतो. एकाच पेटीत तीन यंत्रं आहेत. मावे म्हणजे लहरी, ग्रिल म्हणजे वरची तापलेली सळई, कन्व्हेक्शन म्हणजे पंख्याने फिरवलेली गरम हवा. नुसत्या कन्व्हेक्शनला केकचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा खुशाल ठेवा. नुसत्या मावेला धातू नाही. काँबी म्हणजे लहरींच्या जोडीला ग्रिल किंवा गरम हवा, त्यात लहरी असतातच, म्हणून तिथेही नाही, फक्त ओव्हनबरोबर आलेला स्टँड पुस्तिकेत लिहिलंय तसा. बटण दाबायच्या आधी स्वतःला एकच विचारायचं: आत्ता लहरी चालू होणार आहेत का? एवढं पक्कं झालं की निम्मी भीती जाते.

तुम्ही काय काय करता, काय बिघडलं, काय जमलं, सगळं लिहा. वहिनीला हा धागाच पाठवणार आहे.

तिखटमीठ
अगं किती आठवणी!! आमच्या लालबागला ट्रे बेकरीवालेच द्यायचे, आपण फक्त पीठ न्यायचं. परत येताना चार नानकटाया रस्त्यातच संपायच्या आणि आई मोजायची. डोळे भरून आले वाचताना. ओव्हनबद्दल रात्री लिहिते, कुकर लावायचाय.

वायरमन काका
पहिली गोष्ट प्लग. कन्व्हेक्शनला साधारण २००० वॅट लागतात, म्हणजे आपल्या २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटचं ते काम नाही. १६ अँपिअरचा जाड तीन पिनांचा सॉकेट, अर्थिंग तपासलेलं, आणि त्या पॉइंटवर दुसरं काही नको. मिक्सर, गीझर आणि ओव्हन एका बोर्डावरून चालवणारी घरं मी रोज बघतो. जुन्या इमारतींत वायरी पातळ असतात, वरून रंग मारला म्हणून आतली वायर नवी होत नाही. अर्धा तास केक केल्यावर प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक. चटका बसला तर त्याच दिवशी वायरमन बोलवा. एक्स्टेंशन बोर्ड कृपा करून नको.

साधी भाजी
काका, ६ वर प्लगच बसत नाही म्हणून लोक कन्व्हर्टर लावतात, त्याचं?

वायरमन काका
तेच तर. पिन मोठी करून ठेवलीय ती तुम्हाला थांबवायलाच. कन्व्हर्टर काढून टाका ताई, आजच.

कोलंबीभात
पापलेट!! कुणीच लिहिलं नाही अजून. आलं-लसूण, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून तासभर फ्रिजमध्ये. ठेवायच्या आधी वरचं पाणी कागदाने टिपून घ्यायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, पाणी असलं की मासा उकडतो, भाजत नाही. उंच स्टँड, खाली काचेच्या ताटात पाणी-तेल गळायला जागा. आधी थोडा वेळ काँबी म्हणजे आतून शिजतं, मग नुसतं ग्रिल, मध्ये एकदा उलटायचा. वरून तूप नको, तेलाचा हात पुरे. बांगडा तर फारच छान होतो, त्याचं स्वतःचं तेल असतं. बोंबील मात्र तव्यावरच. त्यात पाणीच इतकं की ग्रिल काही करू शकत नाही.

पश्चिम रेल्वे
बोंबलाला अनुमोदन. आणि वास? आमच्याकडे सासरे शाकाहारी.

कोलंबीभात
काचेच्या बोलमध्ये पाणी, अर्धं लिंबू पिळून साल पण आतच, त्यात लाकडी चमचा, मावेवर ३-४ मिनिटं. मग दार लगेच उघडायचं नाही, वाफ मुरू द्यायची. मग ओल्या फडक्याने पुसायचं. चिकटलेला मसालाही निघतो. लाकडी चमचा विसरू नका हां. गुळगुळीत भांड्यात पाणी उकळीच्या वर तापतं तरी बुडबुडे येत नाहीत, आणि हलवलं की एकदम अंगावर उसळतं. चहाच्या पाण्याचंही तेच.

सातवा मजला
एक लिहायचंय, पुस्तिकेत असतं पण कुणी वाचत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी केक काढला आणि पाठोपाठ जेवणाची भाजी प्लास्टिकच्या डब्यात गरम करायला ठेवली. डब्यावर मावेसेफ लिहिलेलं. पण आतल्या भिंती आणि ताट अजून केकच्या तापाचे! डब्याचा तळ विरघळून ताटाला बसला. ते लिहिलेलं असतं फक्त लहरींपुरतं, तापलेल्या भट्टीपुरतं नाही. कन्व्हेक्शन किंवा ग्रिल झालं की दार उघडून पूर्ण थंड होऊ द्या, किंवा ताप सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेचं भांडं वापरा. काकू बिचाऱ्या फार हळहळल्या, भाजी पण गेली. आणि केक झाल्यावर आतला पंखा चालू राहतो, त्याला बंद होऊ द्या, लगेच भिंतीवरचं बटण नको.

पश्चिम रेल्वे
मेलामाइनच्या प्लेटा पण नाही ना चालत?

सातवा मजला
नाही. सोनेरी काठाचे कप पण नाही, तो काठ धातूचाच असतो, ठिणग्या येतात.

आई झालेय
इथेच विचारते, बाळ लहान आहे, रात्री दूध मावेत गरम केलं तर चालेल का? झोप अजिबात होत नाहीये, उभं राहवत नाही गॅसपाशी

आजी ऑनलाइन
बाळा, नको. बाटली बाहेरून कोमट लागते आणि मधलं दूध चटका बसेल इतकं गरम असतं. मावेत ताप सगळीकडे सारखा होत नाही. आईचं दूध असेल तर मुळीच नको. त्यापेक्षा रात्री थर्मासमध्ये गरम पाणी भरून उशाशी ठेव, वाटीत ओतायचं, त्यात बाटली बुडवायची. मनगटावर थेंब टाकून बघ मग दे. आणि दुपारी बाळ झोपलं की तूही झोप, भांडी राहू देत. मुंबईत कुठे असतेस? जवळ असशील तर मेथीचे लाडू पोचवते.

आई झालेय
मुलुंड 🥹 थर्मासचं सुचलंच नव्हतं. खूप खूप आभार आजी.

तिखटमीठ
आजी 🙏

पार्ल्याची पोर
भट्टीच्या वासावरून. आमच्या लहानपणी पार्ले स्टेशनला गाडी शिरली की बिस्किटांचा वास यायचा, डोळे मिटूनही कळायचं उतरायचंय. १९२९ सालचा कारखाना तो, २०१६ ला बंद झाला. आई अजून म्हणते, पार्ल्याचा वास गेला. मी ओव्हनमध्ये बिस्किटं करते तेव्हा ती खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून बसते. विषय सोडून लिहिलं, माफ करा.

पश्चिम रेल्वे
माफी कसली. मी अंधेरीहून चढायचो, खिडकीशी असलो की पार्ल्याची वाटच बघायचो.

बोरिवली स्लो
केकवाल्यांसाठी. मावेवर ५ मिनिटांत केक होतो हे खरं, पण फुगला तरी पांढराफटक राहतो आणि गार झाला की कडक. खरपूस रंग यायला वरचा भाग कोरडा होऊन चांगला तापावा लागतो, लहरी ते करत नाहीत, त्या आतलं पाणी तापवतात. म्हणून केक नुसत्या कन्व्हेक्शनवर. १८० डिग्रीला प्रीहीट, म्हणजे आधी रिकामाच तापवून घ्यायचा, पूर्ण. बीप झाल्यावर आणखी ५ मिनिटं थांबा, आतल्या भिंतीही तापू देत. डबा बुटक्या स्टँडवर, चारी बाजूंना बोटभर जागा, हवा फिरली पाहिजे. पहिली २० मिनिटं दार उघडू नका, पेटी लहान असते, ताप भसकन जातो. वरून लवकर लाल झाला तर पुढच्या वेळी १७० करा. प्रत्येक पेटी वेगळी, एकदा आपल्या पेटीचा अंदाज आला की मग तीच रेसिपी बिनघोर.

साधी भाजी
+१. पिझ्झालाही हेच, ट्रे प्रीहीटच्या वेळीच आत ठेवायचा म्हणजे तळ कुरकुरीत.

पावसाळी
पावसात मुंग्या आणि बारीक झुरळं घड्याळाच्या काचेमागे शिरतात हो. आमचं पॅनेल गेलं त्यात. उपाय?

वायरमन काका
त्यांना ऊब आणि तेलकटपणा हवा असतो. वापर झाला की आतून कोरडं पुसायचं, थोडा वेळ दार किलकिलं ठेवून दमटपणा जाऊ द्यायचा, मग बंद. मागे आणि वर मोकळी जागा, भिंतीला चिकटवून नको, वर डबे-पेपर तर नकोच, झरोके झाकतात. कीटकनाशक झरोक्यातून आत मारू नका. आणि एक हात जोडून सांगतो, मागचं कव्हर घरी कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणी वीज साठलेली असू शकते.

चेंबूर नाका
ठिणग्यांचं लिहिते. आत उजव्या बाजूला एक करडा पुठ्ठ्यासारखा तुकडा दिसतो ना, तो अभ्रकाचा. लहरी तिथून आत येतात. त्यावर तेल उडून जळलं की ठिणग्या. आमच्याकडे आलेला माणूस बघताक्षणी म्हणाला मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) गेला, मोठा खर्च सांगितला. दुसऱ्या मेकॅनिकने फक्त तो तुकडा बदलला, किरकोळ पैशात, अजून उत्तम चालतोय. ठिणगी दिसली तर लगेच बंद करा आणि आधी तो तुकडा दाखवा. रिकामा ओव्हन मावेवर चालवू नका, त्याने मात्र मॅग्नेट्रॉन खरंच जातो.

तिखटमीठ
आले रात्रीची. माझं रोजचं: दाणे. काचेच्या पसरट ताटलीत, दर मिनिटाला ढवळायचे, आणि अजून जरा कच्चे वाटतात तेव्हाच काढायचे. बाहेर आल्यावरही आतून भाजतच राहतात, पूर्ण होईपर्यंत ठेवले की करपतात. रवा, शेवया तसंच. पापड मिनिटभरात, तेलाशिवाय. वांगं भरतासाठी टोचून घ्यायचं, बटाटाही, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं. धुरकट चव हवी तर गॅसच, त्याला तोड नाही. अंडं सालासकट कधीच नाही. उकडलेलं सोललेलं अंडं पण नको, माझ्या जावेने काढून सुरी लावली तेव्हा फुटलं, नशिबाने चष्मा होता तिला.

कोलंबीभात
बापरे. बरी आहे ना?

तिखटमीठ
हो हो, गालाला थोडं लागलं, आता काही नाही. आणि उरलेला भात गरम करताना पाण्याचा हबका मारून झाकण सैल ठेवा, मध्ये एकदा ढवळा, झाल्यावर दोन मिनिटं तसाच राहू द्या. लहरी कडेच्या दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच जातात, मधला भाग त्या तापाने हळूहळू गरम होतो.

पश्चिम रेल्वे
हॉटेलचं पार्सल तसंच ठेवणाऱ्यांनो, स्टेपलर पिन काढा. आणि चंदेरी अस्तराच्या पिशव्या नकोत. वर्तमानपत्राचा कागद पण नको, आमच्या ऑफिसच्या पँट्रीत समोशाचा कागद पेटला होता. पँट्रीवाल्या मामांनी दार उघडू दिलं नाही, भिंतीवरचं बटण बंद केलं, आतल्या आत विझलं. दार उघडलं असतं तर हवा मिळाली असती. त्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं पाहिजे.

पार्ल्याची पोर
मामांना सलाम!

धागाकर्ती
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! वहिनीने कन्व्हर्टर काढलासुद्धा, वायरमन उद्या येतोय. ज्यांना नानकटाई करायची त्यांच्यासाठी: कन्व्हेक्शन, १६० ला प्रीहीट, १५ ते १८ मिनिटं. खालून बदामी, वरून फिक्या दिसल्या की काढायच्या, त्या वेळी मऊच लागतात, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. गोळ्यांत दोन बोटं अंतर, पसरतात.

साधी भाजी
ताई, तो जुना चौकोनी ट्रे मावत नसेल ना यात?

धागाकर्ती
नाही ना, ताट फिरताना कोपरे अडकतात. गोल घ्यायचा. ताटाचा व्यास मोजून त्याहून इंचभर लहान.

पावसाळी
तांबाकाट्याच्या भांडीबाजारात मिळतील का गोल?

बोरिवली स्लो
क्रॉफर्ड मार्केटला बघा, केकच्या सामानाच्या दुकानांत सगळी मापं असतात. ताटाचं माप दोऱ्याने घेऊन जा, रविवारी नको, बरीच दुकानं बंद असतात.