बाबांच्या फोनमध्ये चलानची एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाईल) गेलीय, आता काय काय करू?

ऐरोली_आठ
मंडळी जरा लवकर सांगा. काल रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या काकांच्या नंबरवरून "आरटीओ ई-चलान" अशी फाईल आली, बाबांची स्कूटर रोज स्टेशनबाहेर उभी असते म्हणून त्यांना वाटलं नो पार्किंगचा दंड पडला, दाबलं, इन्स्टॉल झालं, एसएमएस वाचायची परवानगी मागितली तीपण देऊन टाकली. आता आयकॉनच दिसत नाहीये आणि बाबांच्या नंबरवरून तीच फाईल गावच्या नातेवाइकांना चाललीय. पैसे अजून गेले नाहीत. वाशीतला एक दुकानदार म्हणतो फोन आणि लॅपटॉप दोन्हीला पेड अँटिव्हायरस टाका, काम झालं. लॅपटॉप विंडोज 10 आहे. घेऊ का?

घोडबंदर_रोड
अँटिव्हायरसचं नंतर बघू. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय पण बंद, आत्ताच. हे अ‍ॅप आलेले ओटीपी गुपचूप पुढे पाठवतं, त्यामुळे नेट आणि नेटवर्क तोडलं की त्याचे हात बांधले जातात. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कॉल करून यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग ब्लॉक करा, पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला. एक रुपया जरी गेलेला दिसला तरी लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला कॉल, सकाळी बघू म्हणायचं नाही, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले तरच हाती लागतात.

आयकॉन लपला तरी सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत ते बहुतेक सापडतं. अनइन्स्टॉल होत नसेल तर डिव्हाइस अ‍ॅडमिन आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये त्याला दिलेली परवानगी काढा, मग होईल. पण मी तर सरळ फोटो दुसरीकडे कॉपी करून फॅक्टरी रीसेट मारा म्हणेन, बाबांचं पेन्शन त्या फोनवर येत असेल तर धोका कशाला घ्यायचा.

नौपाडा_ताई
वरचं सगळं बरोबर. त्यात एक भर, रीसेट झाल्यावर *#21# डायल करून बघा कॉल भलत्याच नंबरवर फॉरवर्ड होतायत का, होत असतील तर ##002# ने सगळे बंद होतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून अनोळखी काही दिसलं तर लॉगआउट करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा.

आणि काकांना बोलू नका हो, त्यांच्याही फोनमधून ती आपोआपच गेली असणार. ग्रुपवर टाका की चलान कधी एपीके फाईल म्हणून येत नाही, गाडीवर दंड आहे का ते परिवहनच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर टाकून बघायचं. लाईट कापणार, गॅस बिल थकलं, लग्नाची पत्रिका, अशा फाईलींचीही तीच तऱ्हा.

उरण_फाटा
लॅपटॉपचं कोणी बोललंच नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे वर अँटिव्हायरस चढवून खालची भोकं बुजत नाहीत. मशीन चालवत असेल तर विंडोज 11 फुकट घ्या, आत डिफेंडर हा विंडोजचाच अँटिव्हायरस असतोच, घरच्या वापराला तो पुरतो, पैसे वाचवा. नसेल चालत तर मायक्रोसॉफ्टच्या ईएसयू या जादा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवा, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सिक्युरिटी अपडेट येतात.

अपडेटला हलक्यात घेऊ नका. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने न्हावाशेव्याला जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल बंद पाडलं होतं, कंटेनर अडकले होते. तो ज्या वाटांनी पसरला त्यातल्या एका भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता! म्हणून अपडेट आणि त्यासोबत बॅकअप, तोही एक्स्टर्नल डिस्कवर, आणि कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची, लावून ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, तीपण लॉक करतो.

ऐरोली_आठ
खूप आभार सगळ्यांचे. बँकेने सगळं ब्लॉक केलं, फोन रीसेट झाला, *#21# ला काही निघालं नाही. ग्रुपवर टाकलं तर अजून दोन घरांत तीच फाईल उघडलेली निघाली, त्यांनाही हेच करायला लावलंय. बाबांच्या सेटिंग्जमध्ये अनोळखी अ‍ॅप्स इन्स्टॉल करायची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपपुढे पुन्हा चालू होऊ नये म्हणून बंद आहे ना ते बघितलं. अजून काही?

घोडबंदर_रोड
त्याच यादीत क्रोम आणि फाईल मॅनेजर पण बंद ठेवा, फाईल तिथूनही उघडते. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट (घातक अ‍ॅप तपासणारं) चालू आहे का बघा, आणि बँकेकडून ब्लॉक केल्याचा रिक्वेस्ट नंबर मागून तारीख-वेळेसकट लिहून ठेवा, पुढे काही वाद झाला तर कळवल्याची वेळच कामाला येते.