इंग्रजी लिहिताना होणाऱ्या चुका: तुमचे अनुभव सांगा

मांजराकाठ:
बी.ए.च्या वह्या तपासतेय. एका पोरीनं लिहिलंय, 'आय ॲम लिव्हिंग इन हिंगोली सिन्स फाइव्ह इयर्स'. अंबाजोगाईला आमच्या सरांनी असंच वाक्य घेऊन अख्खा तास शिकवलं होतं, ते आठवलं. 'पाच वर्षांपासून राहतेय', मराठीत अगदी चोख. साल असो की मुदत, आपल्याला 'पासून' पुरतं आणि क्रियापद वर्तमानकाळाचं. इंग्रजीत मुदतीला 'फॉर', सुरुवातीला 'सिन्स', वर 'हॅव बीन'. पोरगी विचार करूनच लिहितेय, मराठीतून. नुसत्या लाल रेघेनं तिला हे कसं कळावं? तुमच्याकडं काय सापडतं?

बालाघाटी:
'डिड नॉट वेन्ट'. प्रत्येक गठ्ठ्यात. मी एवढंच सांगतो, भूतकाळ डिडनं घेतला, आता क्रियापद मोकळं. पोरं लगेच धरतात.

पैनगंगा:
'डिस्कस अबाउट' राहिलं की! आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो, मग अबाउट येणारच. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ'.

तुळजाई:
आमची इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून आली २००० साली, तोवर आम्ही पुढं गेलो होतो. बारावीपर्यंत गाईडातले निबंध पाठ, स्वतःच्या मनातलं वाक्य लिहायची वेळ थेट कॉलेजात. एका मॅडमनी माझा कागद वर्गात मोठ्यानं वाचला, सगळे हसले. पुढं कितीतरी दिवस पेन उचलवेना.

बालाघाटी:
ताई, वाईट वाटलं वाचून. असं कुणी करू नये.

पैनगंगा:
कुठलं कॉलेज, नांदेडकडचं का?

तुळजाई:
नाही, संभाजीनगरला होते. जेवणं व्हायलीत, नंतर लिहिते.

जुना परभणीकर:
नांदेडचं विद्यापीठ १९९४ ला निघालं. त्याआधी आम्हा परभणी-लातूरवाल्यांना सगळ्या कामाला औरंगाबादच. एका मार्कमेमोसाठी रात्रीची एसटी धरायची. विषय सोडून झालं, पण आठवलं.

गल्लीतला मास्तर:
ए, ॲन, द ही आपल्याकडं नाहीतच. पोराला सांगितलं, नवखा असला की 'ए डॉग', ओळख झाली की 'द डॉग'. तो म्हणाला, मग 'द सन'ची ओळख कधी झाली? म्हटलं, सूर्य एकच, सगळ्या गावाच्या ओळखीचा 😄

पैनगंगा:
हे उद्या वर्गात वापरते सर!

किनवटची:
व्ही आणि डब्ल्यू. आपला 'व' एकच, उर्दूवाल्यांचाही एकच. त्यामुळं 'विलेज' डब्ल्यूनं लिहिलेले अर्ज ढिगानं येतात. कापूस वेचायला बाया आल्यात, जाते.

बालाघाटी:
भाव काय चाललाय तिकडं?

तुळजाई:
आले. एक विचारायचं होतं. मराठीत जातो, जाते, जातात एवढी रूपं बिनचूक येतात, मग 'ही गो'मधला एस का सुटतो?

मांजराकाठ:
मराठीत कर्ता गाळून नुसतं 'जाते' म्हटलं तरी बाई कळते, सगळी भिस्त क्रियापदावर. इंग्रजीत 'ही' आधीच लिहिलेला असतो, एस नसला तरी अर्थ अडत नाही. न अडणारं अक्षर घाईत गळतं. म्हणून मी पोरांना लिहून झाल्यावर एक फेरी फक्त क्रियापदांसाठी वाचायला लावते. त्या फेरीत बरेच एस त्यांचे त्यांनाच सापडतात.