शिकागो डाउनटाउनमधला लॉफ्ट भाड्याने घ्यावा की नेपरविलच बरं?

मृण्मयी_न
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं सध्या शिकागोच्या उपनगरात, नेपरविलला 2 बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. नवऱ्याचं ऑफिस शिकागोच्या लूपमध्ये, म्हणजे डाउनटाउनच्या मध्यात, माझं काम घरूनच. लीज जूनअखेर संपतंय. गेल्या शनिवारी डाउनटाउनच्या प्रिंटर्स रो भागात, डिअरबॉर्न स्ट्रीटवर एक लॉफ्ट, म्हणजे जुन्या कारखान्याच्या जागेत काढलेलं मोकळं घर, बघून आलो. जुन्या छापखान्याची इमारत, विटांच्या उघड्या भिंती, कवेत न मावणारे लाकडी खांब, 13 फुटांवर छत. मला बघताक्षणी आवडला. नवरा तिथेच म्हणाला, "गोडाऊनमध्ये राहायला आलो का अमेरिकेत?"
भाडं आत्तापेक्षा 600 डॉलर जास्त, पण 2 पैकी 1 गाडी विकता येईल. मुलं अजून नाहीत. ऑगस्टमध्ये सासू-सासरे येताहेत, 6 महिने राहतील. कोणी लॉफ्टमध्ये राहिलं असेल तर खरं काय ते सांगा.

रेडलाइनवाला
डोळे झाकून घ्या. मी त्याच भागात राहतो. हॅरिसनचं रेड लाइन मेट्रोचं स्टेशन पायाशी, लसाल स्टेशनवरून ब्लू लाइनने थेट ओहेअर विमानतळ, आणि या दोन्ही लाइन रात्रभर चालू असतात. नेपरविलहून मेट्राने, म्हणजे उपनगरी रेल्वेने यायचं तर शेवटच्या गाडीकडे डोळे लावून मैफल अर्धी सोडावी लागते.
आणि नवऱ्याला सांगा, गोडाऊन नव्हे हो. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याला उजेड लागायचा म्हणून खिडक्या एवढ्या मोठ्या, आणि मजले छपाईयंत्रांचं वजन पेलतील असे. डोनोह्यू बिल्डिंग 1883 ची आहे. आजच्या नव्या टॉवरमध्ये शेजारच्याची शिंक ऐकू येते.

फोडणीचं_वरण
शिंक ऐकू येत नाही म्हणे! लाकडी मजल्याच्या लॉफ्टमध्ये वरच्याने खुर्ची सरकवली की आपल्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होतं. वजन पेलणं वेगळं नि आवाज अडवणं वेगळं.
पण माझा मुद्दा स्वयंपाकाचा. आम्ही शिकागोतच रिव्हर नॉर्थ भागात अशाच एका लॉफ्टमध्ये होतो. शेगडीवर जो पंखा असतो तो बऱ्याच ठिकाणी हवा बाहेर टाकतच नाही. जाळीतून गाळून परत तुमच्याच तोंडावर सोडतो. त्यात एकच मोठी खोली. सकाळी लसणाची फोडणी दिली की ती पलंगावरच्या दुलईला, टांगलेल्या कोटाला, सगळ्याला. ऑफिसात लिफ्टमध्ये लोक वळून बघायचे. मिरच्या तळताना स्मोक अलार्म वाजायचा आणि तो 13 फुटांवर! खालून टॉवेल हलवायचा, झाडूचा दांडा लावून बघायचा, काही उपयोग नाही. सुक्या बोंबलाचा तर विषयच सोडा.
तुम्ही घरून काम करता ना? नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी मिक्सर लावला की तुमची मीटिंग संपली.

मूळ_गिरगावकर
10 बाय 12 च्या खोलीत आम्ही 7 जण वाढलो. मध्ये साडीचा पडदा. कोणाच्या झोपा मोडल्या नाहीत की लग्नं अडली नाहीत. तुम्हाला 900 चौरस फूट मिळताहेत आणि भिंत नाही म्हणून रडताय?

फोडणीचं_वरण
@मूळ_गिरगावकर काका, तुम्ही राहिलात कारण इलाज नव्हता. आणि मिळाल्या मिळाल्या डोंबिवलीला वन बीएचके घेतलाच असेल. हौसेने डॉलर मोजून चाळीत कोण जातं?

मूळ_गिरगावकर
डोंबिवली नाही, बोरिवली. बाकी बरोबर.

हिवाळाप्रूफ
थंडीचं कोणी बोललंच नाही. 30 जानेवारी 2019 ला शिकागोत पारा उणे 23 फॅरनहाइटला गेला होता, म्हणजे उणे 31 सेल्सियसच्या आसपास. त्या आठवड्यात माझ्या लॉफ्टमध्ये खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची साय धरली होती. नखाने खरवडून बघितली. गरम हवा वर जाते, म्हणजे ऊब तुळयांना आणि तुम्ही खाली सोफ्यावर कानटोपी घालून.
मालक हीट पुरवत असेल तर 15 सप्टेंबर ते 1 जून घरात दिवसा 68 आणि रात्री 66 फॅरनहाइट राखणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पण लॉफ्टमध्ये पुष्कळदा फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) तुमच्या ताब्यात आणि बिल तुमच्या नावावर. तसं असेल तर हीटचा महिन्याचा सरासरी खर्च मालकाने आधी सांगायलाच हवा, हा शिकागोचा नियम आहे. तो आकडा हातात आल्याशिवाय सही करू नका. काचा एकेरी की दुहेरी तेही बघा.
डिपॉझिट नको, नुसती मूव्ह-इन फी द्या, असं म्हणतील. ऐकायला गोड वाटतं. डिपॉझिट ठेवलं तर शहराच्या कायद्याने त्यावर व्याज द्यावं लागतं आणि नियम चुकला तर दुप्पट दंड, म्हणून मालकांनी काढलेली ती पळवाट. फी परत मिळत नाही.

रेडलाइनवाला
@हिवाळाप्रूफ पारा उणे 23 ला गेला तेव्हा नेपरविलमध्ये काय मोगरा फुलला होता? शिवाय तिथे ड्राइव्हवेमधला बर्फ उपसा, गाडी खरवडा. सीलिंग फॅन उलटा फिरवला की वरची ऊब खाली येते. इमारतीतल्या कोणालाही विचारा.

परळचा
थोडं अवांतर. इथे छापखान्यांची घरं झाली, कोल्ड स्टोरेजचं गुगलचं ऑफिस झालं, आणि आपण त्या विटांचे फोटो गावी पाठवतो. आमच्या गिरणगावात 1982 चा संप झाला आणि पुढे जमिनीच विकल्या गेल्या. फिनिक्स मिलची चिमणी तेवढी उभी आहे, खाली मॉल. आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. विटांची भिंत बघून 600 डॉलर जास्त द्यावेसे वाटणं मला जमत नाही. लॉफ्ट म्हणजे कामगाराच्या जागेत कामगार सोडून बाकी सगळे.

अनघा_जोगळेकरीण
@परळचा पटलं, पण अर्धंच. न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये कारखाने गेल्यावर चित्रकार बेकायदा राहायला लागले, 1971 मध्ये शहराने फक्त कलाकारांना परवानगी दिली, 1982 मध्ये लॉफ्टच्या भाडेकरूंसाठी वेगळा कायदा झाला. पुढे श्रीमंत आलेच. तरी इमारती तर राहिल्या. आपल्याकडे ना इमारत ना माणसं.
आता मूळ प्रश्न. मृण्मयी, मला खटकतात ते सासू-सासरे. लॉफ्टमधल्या "बेडरूम"ची भिंत पुष्कळदा छतापर्यंत जातच नाही, 8 फुटांवर संपते. सासरे पहाटे 4 ला उठून ट्रान्झिस्टर लावणार, सासूबाई रात्री 2 ला खोकणार, आणि तुम्ही दोघं कुजबुजत भांडणार. 6 महिने! नेपरविलला निदान दार लावता येतं. अरोराचं बालाजी मंदिर जवळ, मराठी घरं जवळ, त्यांना सोबत मिळते.

सुनीलकाका_शॉमबर्ग
अनघाताई, मी "सासरे" या बाजूने बोलतो. लेकाकडे शॉमबर्गला, उपनगरातच, येतो आम्ही. घर मोठं, दार लागतं, सगळं आहे. पण सकाळी 8 ला दोघं गाड्या घेऊन गेले की संध्याकाळी 6 पर्यंत आम्ही स्थानबद्ध. फुटपाथ कुठेतरी जाऊन एकदम संपतो. मंदिर जवळ म्हणजे गाडीने जवळ. ते शनिवारी, लेकाला वेळ असला तर.
गेल्या खेपेला पुतण्याकडे डाउनटाउनला आठवडा काढला. रोज पायी हॅरल्ड वॉशिंग्टन लायब्ररी, नवव्या मजल्यावर काचेच्या छताखाली बसायला जागा, कोणी उठवत नाही. तिथून मिशिगन तळ्यापर्यंत चालत. हिने बसचा नंबर पाठ केला. लोयोला स्टेशनपर्यंत रेड लाइन आणि तिथून 155 ची बस, भारतीय दुकानांच्या डेव्हन अव्हेन्यूवर उतरून कढीपत्ता नि सुरण घेऊन आम्ही दोघं आपापले परत आलो. मुलाला फोन न करता. खोकल्याचं म्हणाल तर पुण्यात तरी कुठे ऐकू जात नाही?

हिवाळाप्रूफ
काका, ते उन्हाळ्यात. हे ऑगस्टला येऊन जानेवारीपर्यंत राहणार. डिसेंबरच्या वाऱ्यात तळ्याकाठी चालून दाखवा.

सुनीलकाका_शॉमबर्ग
डिसेंबरात लायब्ररी गरम असते.

मृण्मयी_न
सगळ्यांचे आभार. एजंटला मेल केला. उत्तर असं: पंखा बाहेर सोडत नाही. हीटच्या खर्चाचा आकडा उद्या देतो. बेडरूमची भिंत छतापर्यंत नाही, पण मालक "बघतो" म्हणाला. नवऱ्याला काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणतोय, मग आई-बाबांनाच लॉफ्ट घेऊन देऊ, आपण नेपरविलला राहू.

फोडणीचं_वरण
बाहेर सोडत नाही ना? मग संपलं. पावभाजी विसरा.

रेडलाइनवाला
खिडकी उघडा की! 7 फुटांची आहे.

हिवाळाप्रूफ
जानेवारीत?