घाटातली सायकल: चढ, उतार आणि टूर (अनुभव धागा)

सह्यचाक:
परवा टीव्हीवर टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत पावसातला उतार दाखवत होते. पुढच्या गड्याच्या चाकाखालून पाण्याची पिचकारी उडतेय, तो वळणाच्या बराच आधी ब्रेक लावतोय. ते बघताना एकदम सिंहगडाच्या पायथ्याचा तो वास आठवला, तापलेल्या रिमवर घासलेल्या रबराचा. गोळेवाडीच्या नाक्यावर पावसाळ्यातल्या रविवारी उभं राहिलं की येतोच. म्हणून हा धागा काढला. आपापल्या घाटाबद्दल लिहा. कुठला पार्ट, किती हवा, काय बिघडतं आणि का. टूर, जिरो (इटलीची शर्यत), रुबे (पॅरिस-रुबे, दगडी रस्त्यांवरची एका दिवसाची शर्यत), सगळं चालेल.

सुरुवात रिमब्रेकपासून करतो, म्हणजे चाकाची धातूची कड (रिम) रबराने दाबणारा ब्रेक. पावसात रिमवर पाण्याचा थर असतो, त्यामुळे ब्रेक दाबल्यावर चाकाचा पहिला एखादा फेरा नुसतं पाणी पुसण्यात जातो. वळण दिसलं की शू (ब्रेकचे रबरी ठोकळे) आधी हलकेच टेकवून रिम पुसून घ्यायची, मग जोर द्यायचा. ब्रेक सतत धरून उतरू नका. दोन-तीन सेकंद दाबा, सोडा, परत दाबा. धरून ठेवला की रिम तापते, तिच्याबरोबर आतली हवा, आणि ट्यूब नेमकी उतारावर फुटते. वळणात शिरायच्या आधी वेग कमी झालेला पाहिजे. वळण चालू असताना ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक दाबला तर चाक सरकलंच म्हणून समजा.

घरी आल्यावर चाक काढा आणि ब्रेक शू उजेडात धरा. काळ्या रबरात मोहरीहून बारीक चंदेरी ठिपके चमकतात. ते तुमच्याच रिमचं ॲल्युमिनियम. वाळू रबरात रुतते, रिम खरवडते, निघालेला कीस परत रबरात बसतो आणि शू कानशीसारखा चालायला लागतो. शिवणाच्या सुईने एकेक ठिपका उकरून काढायचा, मग पॉलिशपेपरवर शू दोनदा घासायचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण रिम वाचते. रिमच्या बाजूला झिजेची खूण म्हणून बारीक खाच किंवा टिंब असतं. ते दिसेनासं झालं की रिम संपली, मग नवे शू घालून उपयोग नाही.

कोथरूड_ते_कुठेही:
डिस्क ब्रेकवाल्यांनी (चाकाच्या मध्यावरची धातूची तबकडी, म्हणजे रोटर, दोन पॅडनी दाबणारा ब्रेक) हुरळून जाऊ नये. पावसातल्या घाटात पॅड भराभर जातात. नवीन पॅडवर घर्षणाचा थर साधारण २ मिमी असतो, ०.५ मिमीवर आला की बदलायचा. बाजूने टॉर्च मारली तरी दिसतं.
नवीन पॅड घातल्यावर लगेच घाटात जाऊ नका. सपाट रस्त्यावर २०-२५ च्या वेगातून जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक, असं पंधरा-वीस वेळा करा. पॅड रोटरवर नीट बसतात, नाहीतर आयुष्यभर किंचाळतात. चेनला स्प्रे मारताना रोटरवर तेलाचा शिंतोडा उडाला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅडने तेल प्यायलं असेल तर ते पॅड गेलेच.
आणि उतरल्या उतरल्या रोटरला हात लावू नका. भाजतो.

अनघा_ठाणे:
सिंहगडसाठी ३४-२८ (पुढे ३४ दाते, मागे सगळ्यात मोठं २८) चालेल का? आमच्या येऊरच्या चढाला पुरतं.

सह्यचाक:
@अनघा ताई, चढाल, पण गुडघे बोलतील. नाक्यापासून वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर, आणि शेवटी शेवटी चढ सोडत नाही. हिशोब असा. २८ मिमी टायरचा परीघ २.१३ मीटरच्या आसपास. ३४-३४ वर पेडलच्या एका फेऱ्यात तेवढंच अंतर जातं. मिनिटाला ७० फेरे धरले तर ताशी ९ किमी. ३४-२८ वर त्याच ७० फेऱ्यांना ताशी ११ लागतात. तेवढी ताकद नसली की फेरे ५५ वर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर.
स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. ७ टक्के चढावर ताशी ९ ने जायला सुमारे १६५ वॅट लागतात. ११ ने जायला दोनशेच्या पुढे, आणि तेही पन्नासेक मिनिटं.
कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) ११-३४ घ्या. मागचा डिरेलर (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ३४ दाते झेपणारा आहे का ते आधी बघा, आणि चेनही लांब लागेल.

अनघा_ठाणे:
डिरेलर ३२ पर्यंतचा आहे. म्हणजे ११-३२. धन्यवाद!

रानवाटा७:
अवांतर: मागची कॅसेट बदलताय तर हँगर तपासा. बसच्या डिकीत किंवा टेम्पोत सायकल उजव्या कुशीवर पडली की डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा) वाकतो. डोळ्याला कळत नाही. घाटात सगळ्यात हलका गियर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये शिरतो, मग हँगर, डिरेलर, स्पोक सगळं एकदम जातं. मागे उभं राहून बघा, डिरेलरची दोन्ही छोटी चाकं वरच्या दातेरी चाकाच्या बरोबर खाली एका रेषेत हवीत. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, ऐन वेळी कुठल्या गावात मिळणार? एक जादा घेऊन सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.

मंद_पण_ठाम:
चेनबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून.
चेनची झीज मोजायचं गेज नसेल तर स्टीलची पट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. तिथून चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर हवी. १/१६ इंच, म्हणजे दीड मिमी, पुढे गेली तर ११-१२ स्पीडची (मागे ११-१२ दातेरी चाकं असतात ती) चेन बदला. १/८ इंच पुढे गेली असेल तर कॅसेटही बहुधा गेली, नवी चेन तिच्यावर उड्या मारणार. चेन ताणली जात नाही खरं तर, पिना आतून झिजतात.
उन्हाळ्यात मेण उत्तम. साधं पॅराफिन अर्धा किलो. नव्या चेनचं कारखान्यातलं ग्रीस टर्पेंटाइनने दोन-तीनदा धुऊन काढायचं, शेवटी स्पिरिट. पातेल्यात पाणी, त्यात दुसरं पातेलं, त्यात मेण. थेट आचेवर कधीच ठेवायचं नाही, पेट घेतं. बुडबुडे थांबेपर्यंत चेन हलवत राहा, मग आच बंद करून मेणावर साय धरायला लागली की बाहेर काढा. फार गरम असताना काढली तर सगळं मेण ओघळून जातं.
पावसाळ्यात मेण नको. एका भिजण्यात धुतलं जातं आणि दुसऱ्या दिवशी चेन गंजून तांबडी. तेव्हा वेट ल्यूब (पावसाळी चेनचं तेल), प्रत्येक रोलरवर एक थेंब, पाच मिनिटांनी बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं. पुसलं नाही तर घाटातली सगळी रेती चेनवर.

निशांत_कोल्हापूर:
मधेच विचारतो. चढावर जोर लावला की टक् असा आवाज येतो. दुकानात दाखवलं, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचं बेअरिंग) बदलायला सांगितलं. पन्हाळ्याच्या चढावर फार जाणवतो.

कोथरूड_ते_कुठेही:
बदलू नका एवढ्यात. आधी उभं राहून पेडल मारा. आवाज बंद झाला तर सीट किंवा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा). पोस्ट काढा, पुसा, ग्रीस लावून परत बसवा (कार्बन असेल तर ग्रीस नाही, कार्बनची पेस्ट).

पेडलपुराण:
हवेबद्दल. ७० किलोचा माणूस, २८ मिमी टायर, ट्यूबवाला: मागे ७५, पुढे ७० पीएसआय. पावसात दोन्हीकडे पाच कमी. २५ मिमीला दहाएक जास्त. टायरवर ‘कमाल १२०’ लिहिलंय म्हणून १२० भरू नका, खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारतं आणि वेग उलट कमी होतो. पॅरिस-रुबेला पन्नासेक किलोमीटर दगडी रस्ता असतो. तिथे आता ३० मिमीच्या वरचे टायर आणि बरीच कमी हवा घेऊन उतरतात ते उगीच नाही. नेदरलँड्सचा व्हॅन डर पूल तिथे २०२३, २०२४, २०२५ सलग जिंकला.

पंक्चर वाचायला शिका:
बाजूबाजूला दोन चिरा: हवा कमी होती, खड्ड्यात रिमने ट्यूब चावली.
बाहेरच्या अंगाला एक भोक: बाभळीचा काटा, काच किंवा तार.
आतल्या अंगाला भोक: रिमटेप (रिमच्या आतली पट्टी) सरकली.
वॉल्व्हच्या मुळाशी फाटली: पंप हलवत हवा भरली.
टायर बसवताना त्यावरचं नाव वॉल्व्हपाशी आणायचं. ट्यूबमधलं भोक सापडलं की टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते कळतं.

सौ_सायकल:
तार!! हायवेच्या कडेला ट्रकचे टायर फुटून पडलेले असतात, त्यातल्या केसाएवढ्या तारा. बोट फिरवून लागत नाहीत. टायर आतून बाहेर उलटा करून वाकवा, टोक दिसतं. छोटा चिमटा पिशवीत असलाच पाहिजे. तार न काढता नवीन ट्यूब घातली की दोन किलोमीटरवर परत बसा रस्त्याकडेला.
टायर कापला गेला तर टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा आतून लावा. घरी पोचवतो. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतुसाने भरलेली हवा दुसऱ्या दिवशी उतरते, पंक्चर समजून घाबरू नका. तो वायू रबरातून लवकर निसटतो. घरी आल्यावर सोडून पंपाने भरायची.

मंद_पण_ठाम:
+१, चिमट्याला.

अनघा_ठाणे:
खाण्याचं कोणीतरी सांगा. केळी खाऊन कंटाळा आलाय.

सौ_सायकल:
अगं, तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकं हवीत, दीड तासावरच्या राइडला. मध्यम केळ्यात २५. पोळीला गूळ-तूप लावून गुंडाळी, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर. ७५० मिली बाटलीत ४०-५० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज, आणि आतड्यात दोघांच्या वाटा वेगळ्या, म्हणून नुसत्या ग्लुकोजपेक्षा जास्त पचते. व्यावसायिक संघ याच तत्त्वावर आता तासाला ९० ते १२० ग्रॅमपर्यंत जातात. पण त्यांनी पोटाला महिनोन्महिने सवय लावलेली असते. एकदम करू नकोस, मळमळतं.
मिसळ घाट उतरल्यावर. आधी नाही.

रानवाटा७:
घाटमाथ्यावर थांबलात तर उतरण्याआधी जर्सीच्या आत छातीशी वर्तमानपत्र घाला. युरोपातली जुनी युक्ती आहे, पावसाळी ताम्हिणीत तितकीच लागू. चढताना घाम, उतरताना वारा, बोटं गारठली की ब्रेक दाबलाच जात नाही.

पेडलपुराण:
उतारावरून आठवलं, २०२२ च्या टूरमध्ये ब्रिटनचा पिडकॉक गालिबिये घाटावरून जसा उतरला आणि पुढे आल्प द्युएझच्या चढावर टप्पा जिंकला, ते बघून कोणी दांड्यावर बसून उतरायला जाऊ नका. त्या बैठकीवर यूसीआयने (सायकलिंगची जागतिक संघटना) २०२१ पासूनच बंदी घातली आहे, आणि त्यांना रस्ता मोकळा असतो. आपल्याकडे वळणापलीकडे एसटी असते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि झाडाखालचं हिरवं शेवाळ, दोन्हीवर सायकल सरळ ठेवायची, झुकवायची नाही.

अनघा_ठाणे:
आल्प द्युएझ म्हटलं की मला २०२४ ची महिलांची टूर. आठ टप्प्यांनंतर पहिल्या दोघींत फक्त ४ सेकंद! व्होलरिंगने शेवटचा टप्पा तिथे जिंकला तरी पिवळी जर्सी (एकूण वेळेत पहिलीची) निव्हियाडोमाकडेच राहिली.

सौ_सायकल:
अंगावर काटा आला होता गं ते बघताना. शेवटच्या वळणांवर घड्याळच बघत होते सगळे.

वाऱ्यावरची_वरात:
टूर नव्याने बघणाऱ्यांसाठी. टप्पा आपल्याकडे साधारण रात्री साडेआठ ते सव्वानऊच्या सुमारास संपतो. सपाट टप्पा कंटाळवाणा वाटला तर झेंडे बघा. वारा बाजूने असेल तर गडी तिरप्या रांगेत पसरतात, डावीकडून वारा तर रांग उजवीकडे तिरकी. रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढेच आडोशाला, बाकीचे कडेच्या गटाराला लागून एकामागे एक, त्यांना आडोसाच नाही. तिथेच रांग तुटते.
ग्रुप राइडलाही हेच. वारा उजवीकडून असेल तर पुढच्याच्या किंचित डावीकडे राहा, पण तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला जाऊ देऊ नका. तो जरा हलला की तुम्ही पडणार, तो नाही. खड्डा आला की ओरडून सांगायचं, मागच्याला काही दिसत नसतं.
जानेवारी २०२६ मध्ये आपल्याकडे पुणे ग्रँड टूर झाली. पुढे कधी रस्त्याकडेला उभं राहून शर्यत बघायची असेल तर सपाटीवर नको, सगळा घोळका काही सेकंदांत जातो. चढावर उभे राहा, एकेक चेहरा दिसतो.

मंद_पण_ठाम:
घाटात चहाला थांबणारे असाल तर क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारा तुकडा) माउंटन पद्धतीचेच घ्या, बुटाच्या तळव्यात बुडालेले. रोडवाले प्लॅस्टिकचे क्लीट ओल्या फरशीवर घसरतात आणि चालून झिजतात. शिवाय पेडलची जात महत्त्वाची. २०१६ च्या टूरमध्ये व्हाँतूच्या चढावर मोटरसायकलमुळे ब्रिटनचा फ्रूम पडला आणि सायकल मोडली. आधी तो बूट घालूनच पळत सुटला, मग मदतीची सायकल मिळाली तर ती लहान, पेडल वेगळे. संघाची गाडी येईपर्यंत काही चाललं नाही.

ब्रेव्हेवाला_नागपूर:
२०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) करणार असाल तर: वेळ साडेतेरा तास. चालता वेग २२ ठेवला तर ९ तास ५ मिनिटं सायकलवर, उरतात ४ तास २५ मिनिटं. भरपूर वाटतात, पण प्रत्येक कंट्रोलवर (वाटेतला नोंदीचा थांबा) वीस मिनिटं आणि जेवायला एक तास धरला की उरलेले एका पंक्चरात जातात. ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. एका मोसमात चारही केल्या तर सुपर रँडोनर हा किताब. दिवे दोन न्या, पुढचा एक मेला तर रात्री राइड तिथेच संपते. परावर्तक जाकीट सक्तीचं आहे.

निशांत_कोल्हापूर:
उभं राहूनही टक् येतोच. सीटपोस्ट ग्रीस करून झालं.

पेडलपुराण:
मग मोजा. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येत असेल तर पेडल, क्रँक (पेडलचा दांडा) किंवा चेनरिंगचे (पुढचं दातेरी चाक) बोल्ट. पेडल काढून आट्यांना ग्रीस लावा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, लक्षात ठेवा. पण तीन-सव्वातीन फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेनची कडी घट्ट आहे. ११० कड्यांची चेन ३४ दात्यांवरून पूर्ण फिरायला साधारण तेवढे फेरे लागतात. पेडल हाताने उलटं फिरवा आणि मागच्या डिरेलरच्या खालच्या चाकाकडे बघत राहा, घट्ट कडी तिथे उडी मारते.

निशांत_कोल्हापूर:
तीन फेऱ्यांनीच येतोय. चेन जोडलेली पिन जिथे आहे तीच कडी वाकत नव्हती. दोन्ही अंगठ्यांनी आडवी डाव्या-उजव्या बाजूला दोनतीनदा वाकवली, एक थेंब तेल. गेला आवाज.