दचकणं वेगळं, भीती वेगळी

'दचकवत नाही तो भयपट कसला' हे काही पटलं नाही बुवा. परवाच २०२४ चा मल्याळम 'भ्रमयुगम' पाहिला. अख्खा कृष्णधवल, पात्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सतराव्या शतकातला एक भटका गायक पडक्या वाड्यात आसरा घेतो, एवढंच. पण मालक त्याला फासे खेळायला बसवतो आणि पणाला लावायला सांगतो काय, तर त्याचा वेळ! तिथे माझा चहा हातातच निवला. मालक झालेला मामूट्टी नुसता बसून हसतो, तरी पोटात गोळा येतो. शेवट जरा ताणलाय, हे मान्य.

हिंदी भयपट 'तुंबाड'चंही तेच. २०१८ मध्ये थेटरात फार कुणी फिरकलं नाही, २०२४ ला पुन्हा लागला तेव्हा मात्र गर्दी. (मीही दुसऱ्या खेपेतलाच, उगाच शहाणपणा नको.) मला त्यातल्या हस्तर नावाच्या शापित दैत्याची भीती नाही वाटली. सोन्यासाठी कणकेच्या बाहुल्या घेऊन त्याच्याकडे खाली उतरणाऱ्या बापलेकांची वाटली, विशेषतः त्या पोराच्या डोळ्यांतल्या हावेची. दोन्ही बघायचे तर दिवे घालवून आणि हेडफोन लावून बघा. मोबाईलवर जेवता जेवता नको. दोन्हीकडे तो संततधार पाऊसच अर्धं काम करतो.