जुलैत सुरमई थाळी मागावी का?

वीकेंडला_तारकर्ली: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. माशांच्या विणीचा काळ. तरी ऐन जुलैत मालवणात फळ्यावर सुरमई थाळी, पापलेट थाळी झळकतेच. माझं म्हणणं, या दोन महिन्यांत सुरमई-पापलेट मागूच नये. आणि एरवीही ताटात पिल्लू आलं तर सरळ परत पाठवावं. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींना किमान लांबी ठरवून दिली. पापलेटला १३५ मिलिमीटर, म्हणजे धड वीतभरही नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. मान द्यायचा आणि पोरंबाळं तव्यावर टाकायची!

काटेकोर: तळलेलं पिल्लू परत पाठवून काय साधणार? ते उकिरड्यावर जाणार. बघायचं तर ऑर्डरआधी बघा. बऱ्याच खानावळीत मसाला लावायच्या आधी मासे ताटात घालून दाखवतात. तिथेच नाही म्हणा.

खानावळवाली_देवगड: तुमी बोलतास बरोबर, पण गिऱ्हाईक इला की पयलो प्रश्न, "सुरमई आसा?" मी सांगतंय बांगडो खावा, तारले खावा, सौंदाळो ताजो आसा. तर तोंडा वाकडी. तारल्यात काटे जास्त म्हणे! मग मी फळ्यार काय लिवू?

रापणकर: ताटावरून भांडण पेटवू नका. आमच्या डोळ्यांदेखत एलईडीचे झगझगीत दिवे लावून रात्रीत अख्खा थवा उचलतात. बंदी आहे, तरी चालतं. पर्ससीनवाला, म्हणजे थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याची बोट, एका फेरीत नेतो तेवढं किनाऱ्यावरून ओढायच्या आमच्या रापणीला कधी लागत नाही. पर्यटकाने एक थाळी सोडली म्हणून दर्या भरत नाही.

वीकेंडला_तारकर्ली: पर्ससीनवाला मासा नेतो कुठे? गिऱ्हाइकाकडेच ना.

रापणकर: बराचसा जातो कारखान्यात, माशांची कुटी, म्हणजे पूड, आणि तेल करायला. तो तुमच्या थाळीत येत नाही, म्हणून तुम्हाला दिसत नाही.

बर्फातला_बांगडा: मूळ मुद्द्यात एक गफलत आहे. जुलैतली सुरमई चोरीचीच असं नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. ती उठली की तिकडचा मासा बर्फातून इकडे येतो. शिवाय बिगरयांत्रिक होड्यांना पावसाळ्यातही मुभा आहे. तेव्हा मासा कुठला, कधीचा, एवढं विचारा. मालक ततपप करू लागला तर समजा. आणि "बोनलेस सुरमई" स्वस्तात मिळाली तर तो व्हिएतनामचा बासा नावाचा दुसराच मासा असू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

वीकेंडला_तारकर्ली: पूर्व किनाऱ्याचं मान्य. पण पाचशे रुपयांच्या थाळीत आंध्राची बर्फातली सुरमईच खायची, तर मालवणपर्यंत गाडी कशाला हाणायची?

खानावळवाली_देवगड: त्यापरीस पावसात येवा, खाडीतले तिसरे, म्हणजे शिंपले, घालतंय. बंदी नाय, काटो पण नाय. फकत सांगान येवा, पाणी चडला की गावनत नाय.