पीक्यू १७ : ताफा बुडाला की बुडवला?

खारा_वारा (धागाकर्ता)
पीक्यू १७ म्हणजे दुसऱ्या महायुद्धात उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातून रशियाला माल नेणारा दोस्तांचा ताफा. परवा दुसऱ्या एका धाग्यावर त्यावरून कुणीसं ठोकून दिलं : "ताफा म्हणजे पाणबुड्यांसाठी वाढून ठेवलेलं ताट. पीक्यू १७ ची ३५ पैकी २४ मालवाहू जहाजं गेली. एकेकटी सोडली असती तर वाचली असती." तिथे दोन ओळी खरडल्या, पण राग शमेना. म्हणून हा धागा.

अहो, एकेकटी सोडली म्हणूनच तर गेली! ४ जुलै १९४२ च्या रात्रीपर्यंत ताफा एकत्र होता. तोवर घायाळ होऊन मागे पडली ती तीन जहाजं, तीही विमानांच्या टॉर्पेडोंनी. पाणबुड्यांनी फार तर शेवटचा घाव घातला. मग लंडनहून अर्ध्या तासात तीन संदेश. राखणीच्या क्रूझर युद्धनौकांनी वेगाने पश्चिमेला फिरावं, ताफ्याने रांग मोडून आपापलं बंदर गाठावं, आणि लगेच तिसरा : विखरा, म्हणजे प्रत्येकाने वेगळ्या दिशेला सुटावं. उरलेली २१ त्यानंतर गेली, विमानं आणि पाणबुड्यांनी एकेक गाठून. जर्मनांची महाकाय युद्धनौका तिरपिट्झ येतेय या धास्तीने ब्रिटिश नौदलप्रमुख डडली पाउंडने हे केलं. ती दुसऱ्या दिवशी बाहेर पडली आणि काही तासांत परत फिरली. ताफ्यावर एक गोळा झाडला नाही तिने.

जिद्दी_कासव
तो "कुणीसं" मीच. नाव घ्यायला लाज वाटली का?

१९४० चा अटलांटिकमधला ताफा एचएक्स ८४ आठवतो? जर्मन युद्धनौका ॲडमिरल शेअर समोर आली, राखणीची जर्विस बे पुढे होऊन बुडाली, ताफा विखुरला आणि बहुतेक जहाजं सुटली. पाउंडच्या डोक्यात तेच असणार. तिरपिट्झ खरंच आली असती तर आज तुम्ही "विखुरलं का नाही" म्हणून धागा काढला असता. आणि संरक्षणाचं एवढं कौतुक असेल तर त्याच वाटेचा पुढचा ताफा पीक्यू १८ सांगा. विनाशिकांची रांग, सोबत विमानवाहू, तरी ४० पैकी १३ गेली.

खारा_वारा
एचएक्स ८४ च्या आभाळात जर्मन विमानं नव्हती. वाटेवर पाणबुड्यांची टोळी बसलेली नव्हती. संकट एकच होतं, ते विखुरल्यावर चुकलं. पीक्यू १७ च्या वेळी बॅरंट्स समुद्रात एक संकट टाळायला दोन अंगावर घेतली.

पीक्यू १८ च्या १३ पैकी १० विमानांनी घेतली. पाणबुड्यांना मिळाली तीन, आणि त्यांच्याही तीन गेल्या. ॲव्हेंजर या विमानवाहू जहाजावरची जुनाट स्वॉर्डफिश विमानं वर घिरट्या घालत असताना पाणबुडीला पृष्ठभागावर राहून पुढे धावता येत नाही, आणि बुडी मारली की तिचा वेग ताफ्याहून कमी. संरक्षण ते हेच. दर वेळी पाणबुडी बुडवायलाच हवी असं नाही, खाली दाबून ठेवली तरी काम होतं.

आता तुमचं "एकेकटी". तेही करून पाहिलंय हो! १९४२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर ऑपरेशन एफबी. आइसलंडहून १३ जहाजं एकेकटी सोडली. तीन परतली, पाच गेली, पोचली पाच. तीही ध्रुवीय अंधार सोबतीला असताना.

जिद्दी_कासव
१३ जहाजांवर सिद्धांत उभा करणाऱ्याला साष्टांग. आणि पीक्यू १७ मधली ती आयरशायर विसरलात. ग्रॅडवेल नावाच्या वकिलाच्या हातातला ट्रॉलर, म्हणजे राखणीला लावलेली मासेमारी बोट. तीन जहाजं बर्फात घुसवली, पांढरा रंग फासला, लपून राहिला. तिन्ही पोचली. म्हणजे लपणं चाललं!

खारा_वारा
तीन जहाजं आणि एक राखणदार, याला मराठीत ताफाच म्हणतात.

बंदरावरचा
तुमच्या तिरपिट्झवरून भांडणात खलाशाचं नाव कुणी काढणार आहे का? माझे आजोबा राजापूरकडचे, गोऱ्यांच्या कंपनीच्या मालवाहू जहाजावर. घरात कायम ऐकलं की मुर्मान्स्कला, रशियाच्या त्या उत्तरेकडच्या बंदराला, जाऊन आले. बर्फ, दाढीवर गोठलेला श्वास, सगळं. पगार गोऱ्याच्या चौथा-पाचवा हिस्सा. एकदा जहाज गेलं तर कंपनीने त्या दिवसापासूनचा पगार कापला. आजी आकडा सांगायची आणि शिव्या द्यायची. इथे मात्र पाउंडचा मेंदू तपासताय.

दोन_पैसे
आजोबांबद्दल आदर. पण मुर्मान्स्क शंकास्पद. आशियाई करारावरच्या, म्हणजे वेगळ्या अटींवर घेतलेल्या आपल्याकडच्या खलाशांना फार उत्तरेकडे नेण्यावर जुनी बंधनं होती. त्या मार्गावर आपले खलाशी अपवादानेच असतील. पुरावा आहे?

बंदरावरचा
पुरावा? टॉर्पेडो खाऊन बोटीत बसलेला माणूस पावती घेऊन येतो का? तुमच्या चष्म्याने इतिहास फक्त ज्याने कागद जपला त्याचाच. आमच्याकडे कागद नव्हते, पाणी शिरलं होतं पेटीत.

दोन_पैसे
चिडू नका. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदराला हिवाळ्यात गेलेल्याच्याही दाढीवर बर्फ जमतो, एवढंच म्हणतोय. आपल्या खलाशांनी अटलांटिकमध्ये सोसलंय, हजारोंनी मेलेत. त्यासाठी मुर्मान्स्कच हवं असं नाही.

जिद्दी_कासव
मधे बोलतो. बंधनं कागदावर होती. युद्धात कागद कोण बघतो?

खारा_वारा
वा! लंडनचा कागदी हुकूम मात्र पाळायलाच हवा होता, नाही का?

सहा_वाजता_चहा
भारतीय संबंध हवा तर इराणची वाट बघा की. ऑगस्ट १९४१ मध्ये भारतीय डिव्हिजन इराणात शिरल्या आणि मग तिथून रशियाला माल गेला, साधारण उत्तरेच्या वाटेने गेला तेवढाच. त्यावर धागा शून्य. पण त्यात युद्धनौका नाहीत, मग कोण वाचणार.

जिद्दी_कासव
बरं बाबा, एफबीचे आकडे तपासले. बरोबर आहेत. एकेकटी सोडणं शहाणपणाचं नव्हतं. खूश? पण पाउंडला खलनायक मानणार नाही. हेरखात्याचा डेनिंग म्हणत होता की तिरपिट्झ निघाल्याची खूण नाही. "खूण नाही" आणि "निघालेली नाही" यांत फरक असतो, आणि चुकलं असतं तर सगळी जबाबदारी पाउंडच्याच माथी होती.

खारा_वारा
जबाबदारी त्याच्या माथी, आणि बर्फाळ पाण्यात १५३ व्यापारी खलाशी. तरी एफबी मान्य केलंत, म्हणून आज इथेच थांबतो. मार्च १९४४ मध्ये रशियाला निघालेला ताफा जेडब्ल्यू ५८ उद्या काढतो. शत्रूने एकही मालवाहू बुडवलं नाही, उलट पाणबुड्याच गेल्या.

बंदरावरचा
आईला फोन केला. ती म्हणते, आजोबा "हलीफास" म्हणायचे. मुर्मान्स्क काकांनी घातलं, पेपरात वाचून. दोन पैसे, जिंकलात. पगार मात्र कापलाच होता, तो आकडा आईलाही पाठ आहे.